पाळकपत्नीची निष्ठा : लक्ष्मीबाई टिळकांच्या जीवनाचा एक विचार

१. पदाविना कार्य

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात पाळकाच्या पत्नीचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. मंडळीच्या नित्य व्यवहारात तिच्यावाचून पान हालत नाही. स्त्रियांच्या प्रार्थनासभा, मुलांची रविवारची शाळा, आजाऱ्यांची विचारपूस, परगावाहून आलेल्या पाहुण्यांचे जेवणखाण, निराधार मुलांचा सांभाळ, ही सर्व कामे तिची समजली जातात. परंतु या कामास पद नाही, वेतन नाही आणि दीक्षाविधीही नाही. दीक्षा मिळते ती पतीला. पत्नीची नेमणूक विवाहानेच होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन बोर्डाच्या याद्यांतून मिशनरी पुरुषांच्या पत्नींची गणना 'सहायक मिशनरी' म्हणून केली जात असे. या एका शब्दात त्या काळची सारी दृष्टी सामावलेली आहे.

अशा स्त्रियांच्या स्मृती जपण्याची एक रीत त्या काळी रूढ होती. पत्नी निवर्तली म्हणजे पतीने तिच्या पत्रांचे व टिपणांचे संकलन करून चरित्र प्रसिद्ध करावयाचे. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट हे १८२९ मध्ये मुंबईस आले. मार्गारेटबाईंनी तेथे मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र लिहिले ते विल्सन यांनीच. या चरित्रपरंपरेत स्त्री बहुधा एकाच मुद्रेत दिसते : शांत, सहनशील, पतीच्या कार्यास वाहिलेली. तिची निष्ठा गृहीत धरलेली असते. ती निष्ठा कशी उत्पन्न झाली, तिला कोणते मूल्य द्यावे लागले, याची चौकशी होत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी ही रीत उलटी केली. येथे पत्नी मागे राहिली आणि तिने पतीच्या स्मृती लिहिल्या. त्या लिहिता लिहिता तिच्या निष्ठेचा इतिहासही लिहिला गेला. 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ मराठी आत्मचरित्रांत अग्रगण्य मानला जातो. त्यातील विनोद, सरळ बोली, व्यक्तिचित्रणाचे कसब यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे. पाळकाची एकनिष्ठ पत्नी म्हणून ज्यांचे स्मरण केले जाते, त्या लक्ष्मीबाईंच्या बाबतीत 'निष्ठा' या शब्दाचा नेमका अर्थ कोणता, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

२. जन्म, विवाह आणि सोवळे

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळील जलालपूर या गोदाकाठच्या खेड्यात गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे पराकाष्ठेचे होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, हा त्यांचा दंडक असे आणि धुण्याने वाया जाणाऱ्या वस्तूंचीही त्यातून सुटका नसे. या विक्षिप्त कर्मठपणाची वर्णने 'स्मृतिचित्रां'त विनोदाने आलेली आहेत. परंतु पुढील कथेच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व विनोदापुरते नाही. शुद्धाशुद्धतेची कल्पना या मुलीच्या मनात विचाररूपाने आलेली नव्हती. ती हातापायांच्या सवयीत मुरलेली होती. पुढे ती सवय मोडावयाची वेळ आली तेव्हा केवळ मत बदलून भागणार नव्हते.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळकांचा जन्म १८६१ मधला, कोकणातील करजगावचा. ते कवी, वक्ते, संस्कृतज्ञ आणि अत्यंत अस्थिर वृत्तीचे गृहस्थ होते. घरात पैसा टिकत नसे, गाव टिकत नसे, नोकरी टिकत नसे. कोणास न सांगता निघून जावे आणि अवचित परत यावे, असा त्यांचा क्रम होता. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. पतीकडून व स्वतःच्या खटपटीने जे लिहिता-वाचता आले तेवढेच. तथापि पतीच्या ओळी ऐकून ऐकून कवितेची लय त्यांच्या कानात बसली.

३. वियोग

१८९३ मध्ये नागपूरकडून राजनांदगावकडे जात असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली, ही घटना प्रसिद्ध आहे. सुमारे दोन वर्षांच्या अंतर्द्वंद्वानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नीला याची पूर्वकल्पना दिलेली नव्हती. लक्ष्मीबाई त्या वेळी लहानग्या मुलासह, देवदत्तासह, माहेरच्या माणसांत होत्या. एका दिवसात त्यांची स्थिती कोणत्याही शास्त्रात न बसणारी झाली. पती जिवंत, म्हणून त्या सौभाग्यवती. परंतु तो जातीबाहेर गेलेला, म्हणून त्याच्याकडे जाणे म्हणजे स्वतःची जात, माहेर आणि मुलाचे भवितव्य यांस मुकणे.

या प्रसंगाला कायद्याची एक बाजू होती, ती ध्यानात घेणे अवश्य आहे. १८६६ च्या एकविसाव्या कायद्यान्वये, ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीच्या जोडीदाराने धर्मांतराच्या कारणावरून सहवास नाकारल्यास, विहित न्यायालयीन प्रक्रियेनंतर तो विवाह रद्द करून घेण्याची तरतूद होती. बाप्तिस्मा घेतलेल्या पुरुषास पूर्वीच्या पत्नीपासून मोकळे होऊन दुसरा संसार मांडण्याचा मार्ग कायद्याने खुला होता. टिळक त्या मार्गाने गेले नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली, भेटी घेतल्या, वाट पाहिली. लक्ष्मीबाईंच्या निष्ठेचा विचार करताना पतीची ही निष्ठाही हिशेबात धरली पाहिजे; नाहीतर चित्र एकांगी होईल.

वियोगाच्या या वर्षांत काही काळ लक्ष्मीबाईंचे वास्तव्य सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरास होते. या स्थळाचा योग अर्थपूर्ण आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत असत, हे सर्वश्रुत आहे. ज्या संताच्या वाणीने पतीला दुसऱ्या धर्माच्या दारापर्यंत नेले, त्या संताच्या आराध्यदैवताच्या नगरीत पत्नी त्याच धर्मांतराचे दुःख सोशीत होती. दोघांचे धार्मिक वाङ्मयीन संस्कार एकच होते : ओवी, अभंग, कीर्तन, कथा. पुढे दोघांनी ख्रिस्ती मंडळीस जे दिले ते याच भांडवलातून दिले. त्यामुळे पंढरपूरचा काळ हा केवळ अडथळ्याचा काळ ठरत नाही. लक्ष्मीबाई कविता रचू लागल्या त्या वियोगाच्या याच वर्षांत. ज्या व्यथेला बोलून दाखविण्याची सोय नव्हती तिने पद्याचा आश्रय घेतला. कवयित्री लक्ष्मीबाई आणि परित्यक्तेसारखे जिणे जगणारी लक्ष्मीबाई यांचा जन्म असा एकत्रच झाला.

४. एकत्र संसार, वेगळी चूल

काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) राहावयास गेल्या. अमेरिकन मराठी मिशनने या शहरात १८३१ मध्ये ठाणे घातले होते. त्याच शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरही याच मिशनचे एक प्रमुख केंद्र बनले. नगरास मिशनच्या वस्तीत राहावयाचे, पण ख्रिस्ती व्हावयाचे नाही, असा लक्ष्मीबाईंचा निश्चय होता. पतीच्या घरात त्यांचे सोवळे निराळे, स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. ही व्यवस्था टिळकांनी मान्य केली. बाप्तिस्म्यासाठी त्यांनी पत्नीस भाग पाडले नाही, आणि भाग पाडून उपयोगही झाला नसता, असे 'स्मृतिचित्रां'वरून स्पष्ट दिसते.

या काळातील एक गोष्ट विशेष चिंतनीय आहे. लक्ष्मीबाईंनी आधी जातिभेद सोडला आणि मग धर्म बदलला. माणसामाणसांतील हा भेद देवाने घातला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच पुन्हा पुन्हा घोळवला. तो देवाचा असता तर जन्मतःच त्याची खूण दिसली असती. ती दिसत नाही, तेव्हा तो माणसाचाच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निष्कर्ष निघाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयास आरंभ केला. वडिलांच्या घरी हाडीमासी खिळलेली सवय त्यांनी अशी मोडली. तरीही त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये, म्हणजे पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी.

हा क्रम नीट पाहिल्यास 'पतीच्या मागोमाग जाणारी पत्नी' ही कल्पना येथे लागू पडत नाही. जोसेफिन इंकस्टर यांनी केलेले 'स्मृतिचित्रां'चे इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'मी मागून येते' असा होतो. काळाच्या दृष्टीने ते खरेच आहे. लक्ष्मीबाई मागून आल्या. परंतु 'मागून येणे' आणि 'मागे चालणे' यांत अंतर आहे. टिळकांची वाट ग्रंथवाचनाची, तत्त्वचिंतनाची आणि राष्ट्राच्या उद्धाराच्या ध्यासाची होती. लक्ष्मीबाईंची वाट स्वयंपाकघरातून, पाण्याच्या घड्यावरून आणि शिवाशिवीच्या प्रश्नावरून गेली. मुक्काम एक, वाटा दोन. त्यांचा निर्णय उधार घेतलेला नव्हता, म्हणूनच पतीच्या पश्चातही तो टिकला.

५. राहुरी, नगर आणि सातारा : मंडळीचा भार

टिळकांना १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. लक्ष्मीबाई 'पाळकाची पत्नी' झाल्या त्या येथून. तथापि त्या पदाचे काम त्यांनी आधीच अंगावर घेतले होते. १८९९–१९०० चा दुष्काळ महाराष्ट्रात भीषण होता आणि त्या सुमारास प्लेगच्या साथीही येत होत्या. राहुरी व नगर येथील त्यांच्या घरात निराधार मुले येऊन राहत. काही थोडे दिवस राहत, काही वर्षानुवर्षे. तारा ही मुलगी तर त्यांची मानसकन्याच झाली. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी रुग्णांची शुश्रूषा केली.

या संसाराचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. टिळकांचे औदार्य प्रसिद्ध होते. कोणी गरजू आला की खिशातील पैसा त्याचा, घरातील वस्तू त्याची. चरित्रकाराच्या दृष्टीने हा गुण आहे. परंतु संध्याकाळी चूल कशी पेटवावयाची, हा प्रश्न त्या गुणातून उत्पन्न होतो आणि तो पत्नीच्या वाट्याला येतो. 'स्मृतिचित्रां'त अशा प्रसंगांची रेलचेल आहे. तेथे पतीच्या दातृत्वाची थट्टा आहे, त्यावरून झालेली भांडणे आहेत आणि शेवटी, घरात आलेल्या मुलाला परत पाठवावयाचे नाही, असा निर्णय घेणारी लक्ष्मीबाईही तेथेच आहे. दान करण्याचा निर्णय पतीचा आणि ते दान निभावण्याचे कष्ट पत्नीचे, ही पाळकाच्या घरातील नित्याची विभागणी होय. एरवी ती अबोल राहते. येथे तिला वाचा फुटली.

या घराच्या आतिथ्याचा मराठी वाङ्मयालाही लाभ झाला. बालकवी ठोमरे हे काही काळ टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. १९१८ मध्ये अकाली निवर्तलेल्या या कवीच्या स्वभावाचे जे जिवंत दर्शन आज उपलब्ध आहे, त्यातील मोठा भाग लक्ष्मीबाईंच्या आठवणींतून आला आहे. कवीच्या प्रतिभेची चर्चा समीक्षकांनी केली. तो काय खाई, कशावरून रुसे, कसा समजावा लागे, हे मात्र त्याला जेवू घालणाऱ्या स्त्रीलाच ठाऊक होते.

टिळक १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन पाहत होते. १८४२ मध्ये अहमदनगरास सुरू झालेले हे पत्र मिशनचे मुखपत्र होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीचा व वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी त्यामागील कल्पना होती. पाश्चात्त्य वळणाच्या मंडळीपासून स्वतंत्र, देशी वळणाचा ख्रिस्तधर्म हे टिळकांचे स्वप्न होते. ते उदात्त खरे. पण नियमित वेतन बंद झाले त्या दिवसापासून घर चालविण्याची जबाबदारी मात्र स्वप्नातली नव्हती. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईस निधन झाले.

६. पतीनंतरची सतरा वर्षे

मंडळीच्या रचनेत पाळकाच्या विधवेचे स्थान फार नाजूक असते. पतीबरोबर घर जाते, मान जातो आणि कामाचे निमित्तही जाते. कार्याची नेमणूक विवाहाने झालेली असल्यास ती मृत्यूने संपते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तसे झाले नाही. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली. पुढे मुलाच्या नोकरीच्या निमित्ताने कराचीस राहिल्या. ख्रिस्ती विषयांवर कीर्तने केली. शेवटची वर्षे नाशिकास गेली.

या काळातील त्यांचे मोठे काम म्हणजे 'ख्रिस्तायन'. ओवी छंदात ख्रिस्तचरित्र लिहिण्याचा टिळकांचा संकल्प सुमारे दहा अध्यायांपर्यंत येऊन थांबला होता. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि त्यांच्या पश्चात देवदत्तांनी ग्रंथ सिद्धीस नेला. मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राची परंपरा जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले होते. त्या परंपरेतील या दुसऱ्या मोठ्या प्रयत्नाचा बहुतांश भाग, शाळेची पायरी न चढलेल्या एका विधवेच्या हातून झाला, ही लक्षणीय गोष्ट आहे. लौकिकात मात्र 'ख्रिस्तायन' हा टिळकांचाच ग्रंथ म्हणून ओळखला जातो. आरंभ करणाऱ्याचे नाव राहते आणि पूर्ण करणाऱ्याचे मागे पडते, हा न्याय पाळकाच्या घरात काय किंवा वाङ्मयात काय, सारखाच लागू होतो. लक्ष्मीबाईंच्या स्फुट कवितांचा 'भरली घागर' हा संग्रहही त्यांच्या मरणोत्तरच प्रसिद्ध झाला.

७. स्मृतींचे लेखन

टिळकांचे इंग्रजी चरित्र जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यात टिळक आहेत ते कवी आणि संत म्हणून. लक्ष्मीबाईंच्या आठवणींचे निमित्तही टिळकांचे चरित्र हेच होते. मुलाच्या आग्रहावरून त्या लिहावयास बसल्या. 'स्मृतिचित्रे' चार भागांत, १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे नाशिकास निधन झाले.

पतीच्या आठवणी लिहिणाऱ्या स्त्रिया त्यांच्या आधीही होत्या. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे पुस्तक १९१० मधले. तेथे लेखिकेची दृष्टी भक्ताची आहे; न्यायमूर्ती उंचावर आहेत आणि लेखिका त्यांच्या पायाशी. लक्ष्मीबाईंच्या लेखनात पती समपातळीवर आहे. त्याचा राग, विसराळूपणा, व्यवहारशून्यता आणि त्याने दिलेले दुःख हे सर्व नोंदलेले आहे. त्याच शाईने त्याची निर्मळता आणि करुणाही नोंदलेली आहे. स्वतःचा हट्ट, भोळेपणा व फजिती यांनाही तोच न्याय आहे. आरोप किंवा क्षमायाचना या दोन्ही सुरांत त्या बोलत नाहीत.

अशा लेखनाला निष्ठा म्हणावे काय? स्मृतिग्रंथाच्या रूढ कल्पनेनुसार दिवंगताचे दोष झाकणे म्हणजे निष्ठा. लक्ष्मीबाईंची निष्ठा सत्यकथनातून प्रकट होते. ज्याच्याबरोबर चाळीस वर्षांची गाठ होती, त्याला जसा होता तसा पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचा, आणि तसा दिल्यावरही तो प्रेमास पात्रच ठरतो असा विश्वास बाळगावयाचा, हे केवळ स्तुती करण्याहून अवघड आहे. टिळकांविषयी आज जो आदर वाटतो तो त्यांना निर्दोष दाखविणाऱ्या लेखनामुळे वाटतो असे नाही; 'स्मृतिचित्रां'तील सदोष, तापट, हळवा मनुष्यच वाचकांच्या मनात घर करून राहिला आहे.

या ग्रंथाच्या वाचनाचे दोन प्रघात आहेत. पहिल्या वाचनात लक्ष्मीबाई या आदर्श पतिव्रता ठरतात. दुसऱ्यात, विशेषतः अलीकडच्या काळात, पुरुषी अन्यायाची साक्ष देणारी बंडखोर स्त्री ठरतात. शांता गोखले यांनी केलेल्या २०१७ मधील नव्या इंग्रजी भाषांतराने या दुसऱ्या वाचनास पुष्कळ वाचक मिळवून दिले. दोन्ही वाचनांस ग्रंथात आधार आहे, आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिल्यात पाच वर्षांचा नकार नजरेआड होतो. दुसऱ्यात नकारानंतरचा स्वेच्छेचा होकार. नकार देण्याची शक्ती असलेल्या व्यक्तीचा होकार हीच निष्ठा होय, असा अर्थ घेतल्यास दोन्ही बाजूंचा मेळ बसतो.

८. उपसंहार

लक्ष्मीबाईंना असामान्य विनोदबुद्धी, कवीचा सहवास आणि लिहावयास लावणारा मुलगा लाभला. महाराष्ट्रातील मंडळ्यांतून त्यांच्यासारखेच काम केलेल्या इतर अनेक स्त्रियांना यांपैकी काहीच लाभले नाही. सोलापूर, नगर, सातारा या जिल्ह्यांतील गावोगावच्या मंडळ्यांचा इतिहास जेव्हा लिहिला जाईल, तेव्हा पाळकांच्या नावांची व त्यांच्या कार्यकाळाची यादी करून थांबता येणार नाही. त्या त्या घरात किती मुले वाढली, त्यांचा खर्च कोणी भागविला, आजाऱ्याच्या उशाशी कोण बसले, पतीची बदली वा मृत्यू झाल्यावर त्या स्त्रीचे काय झाले, हे प्रश्न विचारावे लागतील. त्यांची उत्तरे शोधावयाची ती सभांच्या वृत्तांतांबरोबरच पत्रांत, घरखर्चाच्या वह्यांत आणि वृद्धांच्या मौखिक आठवणींत.

'स्मृतिचित्रां'चे संशोधनातील मोल येथेच आहे. पाळकाच्या सेवेचा जो भाग दप्तरात उतरत नाही त्याचा आराखडा या एका ग्रंथात मिळतो, आणि 'पतीच्या कार्यास साथ दिली' या ठराविक वाक्यामागे कोणकोणते निर्णय, कष्ट व मतभेद दडलेले असू शकतात, याची कल्पना येते. इतर स्त्रियांच्या बाबतीत हे वाक्य पुढे आले म्हणजे तेथे थांबावयाचे नाही. चौकशीला तेथून आरंभ करावयाचा.